सहा नंबरचं घरटं

फोन सोमवारी सकाळी आला. "सर, काल भुंगा आलता कड्याला. दोनदा फिरला. सगळी गिधाडं उठली."

भुंगा म्हणजे ड्रोन. फोन करणारा वाडीतला आमचा सोबती. वयाने माझ्याहून मोठा, म्हणून आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. मी बँकेत निघायच्या गडबडीत होतो. डबा ओट्यावर तसाच ठेवला आणि तीन आठवड्यांपूर्वी मीच टाकलेला एक फोटो मोबाइलवर उघडून बघत बसलो.

फोटो सुरेख होता, हे आजही म्हणेन. कपारीत बसलेलं लांब चोचीचं गिधाड, त्याच्या पायांशी राखाडी-पांढऱ्या लवेचं पिल्लू, सकाळच्या सावलीतला मऊ उजेड. माझ्या कुठल्याच फोटोला एवढी दाद मिळाली नव्हती. ठिकाण लिहिलं नव्हतं. फाइलमधली जीपीएसची नोंदही पुसली होती. फक्त पिल्लाच्या वर, चौकटीच्या अगदी कडेला, कातळातून आडवा गेलेला लाल मातीचा पट्टा आला होता. सह्याद्रीत लाव्हाच्या दोन थरांमध्ये असा लाल थर पुष्कळ ठिकाणी दिसतो. पण या कड्याचा पट्टा मध्येच तुटून खाली घसरलाय, आणि दर रविवारी त्र्यंबकच्या डोंगरांत भटकणारा माणूस तो झोपेतही ओळखेल. कोणीतरी ओळखला.

खाली लिहितोय ते त्या एका फोटोचं आणि त्याच कड्याच्या शेकडो कंटाळवाण्या फोटोंचं प्रकरण. कड्याचं नाव देणार नाही. त्र्यंबकेश्वर तालुका, एवढं पुरे.

एक अंडं, एक वर्ष

नाशिककराला गिधाड परकं नसावं. सीताहरण पंचवटीतलं, आणि रावणाशी झुंजून जटायू पडला ती जागा म्हणून इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद लोक आजही दाखवतात. तरी आपल्या बोलण्यात गिधाड येतं ते कुणाच्या तरी मरणावर टपून बसलेलं. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली गुरं टाकायच्या जागेवर हे पक्षी इतके असायचे की कोणी मान वर करून बघत नसे. १९९०च्या दशकात ते दिसेनासे झाले, तेव्हाही कोणी मान वर केली नाही.

कारण हाती लागलं २००४ मध्ये, पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या तपासणीतून. गुरांच्या दुखण्यावर, सुजेवर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. इंजेक्शन दिल्यावर जनावर लवकर मेलं तर औषध मांसात राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. शेकडा एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं तरी एवढी घसरण व्हायला ते पुरतं, असा हिशोब त्याच सुमारास मांडला गेला; कारण एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो. पंधराएक वर्षांत भारतातली लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही तशीच दोन औषधंही जनावरांसाठी बंद झाली. त्याच कामाचं मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना बाधत नाही.

ही सगळी लढाई प्रयोगशाळेत आणि दिल्लीत झाली. कॅमेऱ्याचं काम त्यानंतरचं: उरलेले पक्षी नुसते दिवस काढताहेत की त्यांची पिल्लंही उडताहेत, हे दरवर्षी बघत राहणं.

आणि पिल्लांचा हिशोब फार चिकट आहे. मादी हंगामाला एकच अंडं घालते, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. नर-मादी आळीपाळीने पन्नासेक दिवस उबवतात. पिल्लू उडेपर्यंत एप्रिल-मे येतो, आणि ते स्वतः वीण करायच्या वयाचं व्हायला पाचेक वर्षं लागतात. यंदा मोहोर गळाला तर पुढच्या साली दुपटीने येईल, असं आंब्याचं असतं. यांचं नाही.

दुसरा आणि चौथा शनिवार

पहिल्या हंगामात प्रकल्प वगैरे काही नव्हता. मी आणि माझी एक सहकारी (शाळेत गणित शिकवते, म्हणून आमच्यात 'बाई') गिधाडं बघायला जायचो आणि मी फोटो काढायचो. उडणारं गिधाड, पंख पसरून ऊन खाणारं गिधाड, मावळतीवरचं गिधाड. वर्षाअखेरी शेकड्यांनी फोटो जमले. या कड्यावर घरटी किती, या बाईंच्या साध्या प्रश्नाला मात्र त्यातून उत्तर देता येईना. मी म्हटलं, "बरीच." त्या म्हणाल्या, "बरीच हा आकडा नाही."

दुसऱ्या हंगामापासून नियम केले. समोरच्या डोंगराच्या सोंडेवर एक जागा पक्की केली. मध्ये खोल घळ असल्याने तिथून पक्ष्यांना आमचा उपद्रव नाही. त्या जागी उंबराच्या बुडाशी एक चपटा दगड रोवला. कॅमेऱ्याचं तिकाटणं (ट्रायपॉड) नेहमी त्याच दगडावर. लेन्स तीच, ३०० मिलिमीटरची, ज्याचं आता आमच्यातल्या हौशी मंडळींना हसू येतं. डावीकडून उजवीकडे एकमेकांवर थोड्या चढणाऱ्या १२ चौकटी, अख्खा कडा झाकला जाईल अशा. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, तेव्हा पंधरवड्याचं वेळापत्रक आमच्यासाठी बँकेनेच ठरवून टाकलं. नोव्हेंबर ते मे. पहाटे पाचला नाशिकहून निघायचं, महिरावणीच्या पुढे कुठेतरी चहा, आणि उजाडता उजाडता दगडापाशी.

लवकर पोचायला कारण आहे. कडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी तो पुरता सावलीत असतो, त्यामुळे कपारींत काळ्या सावल्या पडत नाहीत आणि आतलं दिसतं. ऊन वाढलं की कातळ तापतो, घळीतली हवा थरथरायला लागते आणि लेन्स कितीही महाग असो, चित्र पाण्यात बघितल्यासारखं येतं. शिवाय हवा वर उठू लागली की मोकळे पक्षी तिच्यावर स्वार होऊन निघून जातात. मागे राहतात ते बहुतेक घरट्यावरचे. म्हणून १२ चौकटींची एक फेरी पक्षी उठायच्या आधी आणि दुसरी ते गेल्यावर, हवा बिघडायच्या आत. फोटो म्हणून दोन्ही रटाळ. पण दोन्ही फेऱ्या शेजारी ठेवल्या की झोपायला आलेले कोण आणि संसार थाटलेले कोण, हे वेगळं होतं.

हे वेगळं करणं आम्हाला चुका करत करत जमलं. कड्यावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसतात ती गिधाडांची विष्ठा. नवखा डोळा प्रत्येक ओघळाखाली घरटं मोजतो. पहिल्याच मोजणीत मी अकरा घरटी काढली, बाईंनी त्याच फोटोंवरून सात. दोघांनी एकमेकांचा आकडा न बघता मोजायचं हे आधीच ठरलेलं, म्हणून भांडण कागदावरच राहिलं. मग व्याख्या केली. लागोपाठ दोन भेटींत त्याच जागी पक्षी पोट टेकून बसलेला दिसला तरच घरटं 'चालू'. पिल्लाच्या पंखांना पुरती पिसं फुटलेली फोटोत दिसली तरच 'यशस्वी'. अंडं सोंडेवरून दिसत नाही, तेव्हा अंड्याबद्दल बोलायचंच नाही. माझ्या अकरा जागांचे नंबर मात्र तसेच ठेवले, आज रिकामी ती उद्या भरेल म्हणून.

रिकाम्या जागेचा फोटो काढायचा फार कंटाळा येतो. त्या हंगामात उजवीकडच्या टोकाला काहीच हालचाल नव्हती म्हणून मी तीन भेटींत शेवटच्या तीन चौकटी गाळल्या. एप्रिलमध्ये नऊ नंबरच्या कपारीतून चांगलं पिसं फुटलेलं पिल्लू डोकावलं. ते कधी सुरू झालं, उशिराचं होतं की आम्हीच उशिरा पाहिलं, हे सांगायला हातात काही नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत, तक्त्यात त्या तीन रकान्यांत त्यांनी लाल फुल्या मारल्या. त्या फुल्या अजून आहेत.

आणखी एक फजिती. कॅमेऱ्यातली घड्याळाची छोटी बॅटरी संपली, तारीख मागे जाऊन पडली आणि मी न बघता 'ओके' दाबलं. दोन महिन्यांच्या फायली भलत्याच सालात जाऊन बसल्या. तेव्हापासून प्रत्येक फेरीची पहिली चौकट म्हणजे तारीख-वेळ दाखवणारा मोबाइलचा पडदा, दादाने हातात धरलेला. आमच्या संग्रहात सगळ्यात जास्त वेळा टिपलेला जीव म्हणजे दादाचा अंगठा.

चार शनिवार

पाचव्या हंगामात सहा नंबर आमचं लाडकं होतं. कड्याच्या मधोमध, थोडी बाहेर आलेली कातळाची फळी, वर छज्ज्यासारखा कातळ. आधीच्या तिन्ही तक्त्यांत 'यशस्वी'. त्या वर्षीही नोव्हेंबरअखेर पक्षी बसलेला, म्हणजे सगळं वेळेवर. आता फक्त तारखांच्या ओळीने सांगतो.

जानेवारीचा चौथा शनिवार: पिल्लू पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. १२ चौकटी झाल्यावर मी मित्राची मोठी लेन्स लावली आणि तो फोटो काढला. दोन दिवसांनी टाकला.

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार: पक्षी घरट्यावर, पिल्लू पोटाशी. पठारावर दोन अनोळखी मोटरसायकली. नोंदवहीत मी तेवढंच लिहिलंय, पुढे काही नाही.

त्यानंतरच्या आठवड्यातला रविवार ड्रोनचा.

फेब्रुवारीचा चौथा शनिवार: पिल्लू एकटं. मोठा पक्षी दोन फळ्या वर, मान छातीशी लोंबती टाकून बसलेला.

मार्चचा दुसरा शनिवार: फळी रिकामी. ओघळ वाळून राखट झालेला.

दादाने त्या रविवारी ड्रोनवाल्यांना गाठलं होतं. शहरातली तीन मुलं, बोलायला नीट. काका, आम्ही फक्त व्हिडिओ काढतोय, म्हणाली. त्याला बिस्किटंही दिली. इथे कशाला आलात विचारल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. "तुमचाच फोटो दाखवला सर मला," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. फोटो मी त्याच सकाळी काढून टाकला. तोवर तो कितीतरी गटांत फिरून आला होता आणि एका ठिकाणी खाली कड्याचं नाव, पार्किंगच्या जागेसकट.

स्थानाची नोंद पुसली की काम झालं अशी माझी समजूत होती. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती नोंद गळूनच जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत राहते. एवढी अक्कल मला होती. कातळाच्या सुरकुत्या कशानेच गळत नाहीत, ही नव्हती.

दोष कुणाचा

इथे मला स्वतःला झोडून घ्यायचा मोह होतो आणि बाई तो करू देत नाहीत. ड्रोनमुळे सहा नंबर गेलं, हे आमचे फोटो सिद्ध करत नाहीत.

पिल्लू एकटं दिसणं यात फारसं वावगं नाही. ते वाढत गेलं की खाणं आणायला आई-बाप त्याला थोडा वेळ सोडतात. पण तो मान टाकून बसलेला पक्षी मला अजून छळतो. डायक्लोफिनॅक बाधलेली गिधाडं अशी मान लोंबकळवून बसतात, हे नोंदलं गेलंय. नुसत्या उन्हाच्या तापानेही बसतात. फोटो दुसऱ्या फेरीतला, कातळ तापायला लागला होता. एका चौकटीवरून यातलं काय, ते सांगता येत नाही. तिसरी शक्यता उपासमारीची, चौथी पिल्लू घसरून पडल्याची. खालच्या झाडीत जाऊन शोधायचं आम्ही टाळलं. उरलेल्या घरट्यांखाली चार माणसं फिरवायची म्हणजे केलेल्या चुकीला जोडीदार आणायचा.

फोटो सांगतात ते एवढंच. त्या वर्षी दोन, सहा आणि नऊ ही तिन्ही घरटी एकाच पंधरवड्यात 'चालू' झाली. दोन आणि नऊ कड्याच्या दोन टोकांना, कातळाच्या फुगवट्यांआड आहेत. ड्रोन ज्या पठारावरून उडाला तिथून दिसत नाहीत. ती दोन्ही पिल्लं उडाली. मधलं गेलं. तीन घरटी आणि एक हंगाम यावर कुठलाही अभ्यासक निष्कर्ष काढणार नाही. मान खाली घालायला मात्र तेवढं मला पुरलं.

आधीच्या हंगामांचे तक्ते नसते तर हेही बोलता आलं नसतं. सहा नंबर दरवर्षीच फेब्रुवारीत मोडतं की यंदाच मोडलं, हे कळायला त्याची तीन धड गेलेली वर्षं जवळ असावी लागतात. गाजलेला फोटो यात कुठेच कामाला आला नाही.

साहेब, बाई आणि आग्या मोहोळ

मार्चअखेर आम्ही वनखात्याच्या कार्यालयात गेलो. मी तो गाजलेला फोटो मोठा छापून नेला होता, काचेची चौकट करून. कशासाठी, देव जाणे. साहेबांनी "छान आहे" म्हणून तो भिंतीला टेकवून ठेवला. मग बाईंनी पिशवीतून लांब गुंडाळी काढली. अकरा जागा म्हणजे अकरा आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत भेटीगणिक टपाल तिकिटाएवढा फोटो, एका खाली एक चार हंगाम. चालू घरट्याला हिरवी कड, रिकाम्या जागेला करडी, आणि माझ्या त्या लाल फुल्या.

साहेब खुर्चीवरून उठून टेबलाभोवती फिरले. त्यांचे प्रश्न साधे होते. पक्षी नक्की कुठल्या महिन्यात बसतात? दरवर्षी त्याच महिन्यात? लोक जातात ती वाट कुठल्या जागेच्या किती जवळून जाते? तिन्ही उत्तरं गुंडाळीत होती. "हे माझ्याकडे ठेवून जा," म्हणाले. चौकट आम्ही परत घेऊन आलो.

लांब चोचीचं गिधाड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला त्रास देणं हा गुन्हाच. पण कायदा कड्याखाली उभा राहत नाही. रविवारी तिथे असतो तो वाडीचा माणूस. म्हणून पुढचं सगळं गावाच्या वन व्यवस्थापन समितीत, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर ठरलं. डिसेंबर ते एप्रिल पठाराची वाट बंद आणि भटक्यांना खालच्या दुसऱ्या वाटेने न्यायचं, इथवर सगळे चटकन आले. अडलं दोन जागी.

पहिली अडचण मावशींची. पठाराच्या वाटेवर त्या चहा आणि नागलीची भाकरी देतात, डिसेंबर ते एप्रिल हाच त्यांचा धंदा. गिधाडांच्या पिल्लांसाठी मी माझी चूल विझवू का, असं त्यांनी सरळ विचारलं, आणि त्यावर शहरातून आलेल्या आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. उत्तर दादाने काढलं. नवी वाट शेताच्या बांधावरून थोडी वळवली की ती मावशींच्याच अंगणापुढून जाते. निसर्गप्रेमी मंडळींच्या बैठकांत मी 'स्थानिकांचा सहभाग' हे शब्द पुष्कळ ऐकलेत. बांध कुणाचा आणि वाट कुठून वळते, हे तिथे कोणाला माहीत नसतं.

दुसरी अडचण पाटीची. 'गिधाडांची घरटी, प्रवेश बंद' असं लिहिलं तर जे येत नव्हते तेही येतील. नुसतं 'वाट बंद' कोणी मानत नाही. एकाने दरडीचा धोका लिहायला सुचवलं, पण खोटं लिहायला समिती तयार होईना. मग एक म्हातारबा म्हणाले, "कड्याला आग्या मोहोळ हाये ना? ते लिवा. कोणाचा बाप नाय जायचा." आग्या मोहोळ खरंच होतं, चार नंबरच्या वर, आमच्या प्रत्येक तक्त्यात काळ्या ठिपक्यासारखं दिसणारं. पाटी लागली: 'सावधान, पुढे आग्या मोहोळ.' गिधाडांचा शब्दही नाही. या प्रकरणातला सगळ्यात हुशार निर्णय तो म्हातारबांचा, असं माझं मत आहे.

आमच्यासाठीही नियम झाले. घरट्याचा कुठलाही फोटो पिल्लू उडाल्याशिवाय आणि पावसाळा उलटल्याशिवाय बाहेर द्यायचा नाही. दिला तर आजूबाजूचा कातळ कापून, आणि तालुक्याचं नावसुद्धा न घालता. (इथे घातलं, कारण तालुका मोठा आहे आणि कडे पुष्कळ.) निसर्गनोंदींच्या काही संकेतस्थळांवर धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप धूसर होतं, तरी फोटोतला डोंगर कोणी धूसर करत नाही. घरट्यांचे फोटो स्पर्धांत घेत नाहीत अशी तक्रार मी पूर्वी करायचो. आता करत नाही.

गुंडाळीची प्रत आम्ही दरवर्षी कार्यालयात देतो. त्याचा उपयोग रविवारच्या गर्दीपुरता नाही. अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्ताव आला तेव्हा गिधाडांचा अधिवास हा विरोधाचा मुख्य मुद्दा होता. उद्या आमच्या कड्यावरूनही एखादी रेघ कोणीतरी नकाशावर ओढेल. तेव्हा 'इथे गिधाडं असतात हो' म्हणण्यात आणि कुठल्या फळीवर, कुठल्या महिन्यात, किती वर्षं, हे टेबलावर पसरण्यात फरक पडतो.

तेच जोडपं?

लोक नेहमी विचारतात, सहा नंबरचं जोडपं पुढे कुठे गेलं? मला माहीत नाही, आणि आमच्या पद्धतीने कळणारही नाही.

बिबट्या असता तर सांगता आलं असतं. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, आणि डाव्या-उजव्या कुशीचीही वेगळी. तेवढ्यावर आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, उसाच्या आणि वस्त्यांच्या पट्ट्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅपने (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी) बिबटे मोजले. १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ, हा त्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा. निफाडच्या उसात बिबट्या बघितलेल्या माणसाला त्याचं आश्चर्य वाटणार नाही. गिधाडाला असे ठिपके नाहीत. गळालेलं एखादं मोठं पीस, पंखातली खाच, यावरून एक पक्षी काही आठवडे ओळखता येतो; नवी पिसं आली की ओळख पुसली. वय तेवढं कळतं: पिकल्या पक्ष्याची चोच पिवळसर, तरुणाची काळपट. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातली गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली, त्यांच्या पाठीवर जीपीएस होते, म्हणून त्यांचा प्रवास कळला. आमच्या पक्ष्यांच्या पाठीवर काही नाही. आमच्याकडे आहेत त्या जागा, आणि त्यांचे नंबर.

म्हणून पुढच्या हंगामात सात नंबरवर, जिथे आधी कधीच घरटं नव्हतं, एक पक्षी बसला तेव्हा 'सहाचं जोडपं सातला गेलं' असं मी उत्साहाने बोलून गेलो. बाईंनी तक्त्यात लिहिलं: सात, चालू. सहा, रिकामं. मधला बाण मी पेन्सिलीने काढला होता, तो त्यांनी खोडला. सातचं पिल्लू उडालं.

एक बदल झालाय. माझा जुना कॅमेरा आणि ती ३०० ची लेन्स आता दादाकडे असते. मला सुट्टी मिळाली नाही तरी शनिवार चुकत नाही. त्याच्या चौकटी माझ्यापेक्षा सरळ येतात. तो क्षितिजाकडे बघत नाही, लाल पट्ट्याकडे बघून कॅमेरा लावतो. दिवसाची मजुरी आणि मोबाइलचं रिचार्ज आम्ही वर्गणीतून देतो. वाडीत कुणाचं जनावर मेलं तर आधी त्याला कळतं, आणि शेवटचं इंजेक्शन कुठलं दिलं होतं ते तो विचारून घेतो. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतात तिथेही हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.

मागच्या शनिवारी मी गेलो होतो. थंडी सणसणीत, दगड दवाने ओला. दादाने मोबाइलचा पडदा धरला, अंगठ्यासकट, आणि मग एकेक चौकट. सहावी चौकट झाल्यावर तो थांबला, मागच्या पडद्यावर मोठं करून बघत राहिला.

"ओघळ ताजा हाये सर."

मी बघितलं. फळी रिकामीच होती. पण खालची रेघ राखट नव्हती, पांढरीशुभ्र होती.

"रात्री बसायला आला असंल नुसता," मी म्हटलं.

"असंल," दादा म्हणाला, आणि सातव्या चौकटीकडे वळला. नोंदवहीत मी लिहिलं: सहा, रिकामं, ओघळ ताजा. पुढचा शनिवार चौथा आहे.